डोक्याला एक काम हवं होतं

माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा. दुसऱ्यांच्या वह्यांत काय चुकलंय ते शोधायचं, आणि काही सापडलं नाही तर आपण नीट शोधलं का याची शंका घेत बसायचं. या कामाला असंच डोकं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण एवढीच, की हे डोकं संध्याकाळनंतरही तपासणी करतच राहतं. पाठवलेल्या पत्रातला तो शब्द जरा जास्तच कडक झाला का? बहिणीचा आवाज आज फोनवर तुटक का वाटला? पाठीत आलेली ती कळ साधीच असेल ना? एकेक प्रश्न सुटा घेतला तर फुटकळ. पण रात्री दोन वाजता ते रांगेने येतात आणि प्रत्येकाला उत्तर तिथल्या तिथं हवं असतं.

मन शांत करायचे नेहमीचे उपाय करून झाले होते. श्वासाकडे लक्ष द्यायला बसले की श्वास बरोबर चाललाय ना, याचीच तपासणी सुरू व्हायची. डोळे मिटून पडणं तर आणखी वाईट. बाहेरचं दिसेनासं झालं की आतल्या विचारांना रान मोकळं. मी ज्या समुपदेशक बाईंकडे जात होते त्यांनी शेवटी सांगितलं, "डोळे मिटणं जमत नाहीये ना, मग सोडून द्या. उघड्या डोळ्यांनी करता येईल असं काही शोधा. नजर आणि हात दोन्ही गुंतले पाहिजेत." त्यांच्या मनात बहुधा विणकाम असावं. माझ्या शेजारी मात्र पक्षी बघणारे एक काका राहत होते.

काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी उजाडायच्या आधी गळ्यात दुर्बीण अडकवून बाहेर पडायचे. जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "काका, रोज तेच पक्षी बघून कंटाळा येत नाही का हो?"

"तेच कुठले? चल एकदा आणि तूच सांग. पण अट एकच. तिथं तोंड उघडायचं नाही."

बोलण्याची बंदी मला सोयीचीच होती.

जायचं ठिकाण काही खास नव्हतं. एक उथळ तळं, एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला उंच गवत आणि पलीकडे रस्ता. पक्षी बघायला दूरच्या जंगलात जावं लागतं हा माझा समज होता. काकांचं म्हणणं असं, की सुरुवातीला जंगल नकोच. तिथं झाडं दाट आणि उंच, पक्षी ऐकू येतात पण दिसत नाहीत, आणि नवखा माणूस मान दुखवून परत येतो. पाणी, झुडपं आणि उघडी जागा जिथं एकमेकांना भिडतात, तिथं पक्षी जास्त प्रकारचे आणि दिसतातही सुखाने.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो, बसलो आणि मला काहीच दिसलं नाही. मी घड्याळ बघत होते. काका मख्ख. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग समोरच्या झुडपात काहीतरी हललं, मग दुसरीकडे, आणि हळूहळू ती जागा भरत गेली. पक्षी नव्यानं आले नव्हते, तिथंच होते. माणूस आला की पक्षी गप्प होतात, आडोशाला जातात. तो हलायचा थांबला की जरा वेळाने आपापल्या उद्योगाला लागतात. काका याला "जागा मिटणं आणि उघडणं" म्हणतात. दहा-पंधरा मिनिटं न हलता बसल्याशिवाय जागा उघडत नाही. मला कोणी "पंधरा मिनिटं स्वस्थ बस" म्हटलं असतं तर जमलं नसतं. इथं स्वस्थ बसण्याला मोबदला होता आणि तो डोळ्यांसमोर मिळत होता.

काकांनी मला पहिला पक्षी नेमून दिला तो वेडा राघू. हिरवागार, चिमणीएवढा, शेपटीतून दोन बारीक काड्या निघालेल्या. नवशिक्यासाठी याच्याइतका सोशिक मास्तर नाही. तारेवर किंवा सुक्या फांदीवर बसतो, उडतो, हवेतच माशी किंवा मधमाशी पकडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच फांदीवर येतो. त्यामुळे तो उडाला तरी आपण दुर्बीण तिथंच रोखून ठेवायची. परत आला की चोचीतली मधमाशी फांदीवर घासतो, आपटतो, तिची नांगी निकामी करतो, मग गिळतो. हे सगळं मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मध्ये किती वेळ गेला ते कळलं नाही. घरी येताना लक्षात आलं, एवढ्या वेळात मी त्या पत्राचा विचार केला नव्हता. विसरायचा प्रयत्न केला नव्हता, जागाच उरली नव्हती.

असं का होतं, याचा शोध घेतल्याशिवाय माझ्यासारखीला चैन पडत नाही. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८०च्या दशकात एक मांडणी केली. त्यांच्या मते आपण ठरवून, रेटून जे लक्ष देतो ते थकतं. आकडे तपासताना, गर्दीतून गाडी चालवताना वापरतो ते हेच. ते थकलं की माणूस चिडतो, चुकतो, एकच विचार घोळवत राहतो. निसर्गातल्या काही गोष्टी मात्र लक्ष अलगद ओढून घेतात, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. ढग, लाटा, हलणारी पानं ही त्यातलीच. मला हे अर्धंच पटतं. ढगांकडे बघत मी आरामात काळजी करू शकते, अनेकदा केलेली आहे. पक्ष्याकडे बघत ते जमत नाही. ढग तुमची वाट बघतो, पक्षी बघत नाही. नजर हटली की तो गेला. त्यात ओढ आहे तशी थोडी मेहनतही आहे, आणि माझ्या डोक्याला ती मेहनत लागते. निव्वळ विसावा त्याला पचत नाही.

दुर्बिणीबद्दल सांगायला हवं, कारण तिथं पुष्कळ जण कंटाळून सोडून देतात. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आकडा मोठा तितकं चांगलं, असं वाटतं आणि लोक दहा किंवा बारा पटीची दुर्बीण घेतात. पण पक्षी जितका मोठा होतो तितकाच हाताचा कंपही मोठा होतो, आणि दिसणारा भाग सहसा लहान होत जातो. ज्याचं मन सैरभैर आहे त्याचे हातही फारसे स्थिर नसतात. माझे तर नव्हतेच. आठ पट पुरे. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्यात येणारा उजेडाचा ठिपका तेवढ्या मिलिमीटरचा असतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, तेव्हा हा ठिपका उपयोगी पडतो. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबायचे. उजव्या डोळ्याकडे फिरणारी एक कडी असते. तिने दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक एकदा जुळवून घ्यायचा, मग ती विसरून जायची.

आणि पक्षी दुर्बिणीत सापडत नसेल तर त्याला एकच युक्ती आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, त्याच्यावरची नजर अजिबात न काढता दुर्बीण वर आणून डोळ्यांना लावायची. मान खाली घालून दुर्बीण शोधली आणि मग वर पाहिलं की पुढ्यात नुसती पानं. ही हालचाल हाताला बसेपर्यंत चिडचिड होते. बसली की त्या हालचालीतच एक सुख आहे.

ओळखण्याचा भाग मला सगळ्यात जास्त लागू पडला. नवा पक्षी दिसला की मी लगेच विचारायची, "काका, हा कोण?" ते सांगायचे नाहीत. "काय दिसलं ते सांग आधी." केवढा होता, चिमणीएवढा की साळुंकीएवढा? चोच कशी? शेपटी काय करत होती? जमिनीवर होता की फांदीच्या टोकाला? रंग शेवटी विचारायचे. रंगावर त्यांचा विश्वास नाही. आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेला कुठलाही पक्षी काळाच दिसतो, आणि उन्हाचा कोन बदलला की जांभळ्या शिंजिराचं काळं कधी निळं होतं, कधी जांभळं. शिवाय हाच शिंजीर विणीचा हंगाम संपला की तो झगमगीत वेष उतरवतो आणि मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. त्याला तिसराच पक्षी समजून बसणारे खूप भेटतात.

चोच फसवत नाही. मुनियाची जाड, आखूड चोच दिसली की हा दाणे फोडणारा. शिंजिराची लांब, वाकडी चोच दिसली की फुलातल्या मधाकडे निघालेला. शेपटीही बोलते. धोबी चालताना शेपटी सतत वरखाली करतो, नाचण तिचा पंखा उघडून डावीउजवीकडे झुलतो, शिंपी ती ताठ उभी धरून झुडपातून सटकतो. आधी जे दिसलं ते मांडायचं, निष्कर्ष नंतर. मला ही शिस्त कामातली म्हणून माहीत होती. पण स्वतःच्या काळज्यांच्या बाबतीत मी ती कधी पाळलीच नव्हती. तिथं निष्कर्ष आधी तयार असतो, पुरावे मागाहून गोळा होतात. पक्ष्यांनी काळज्या बंद केल्या असं काही झालेलं नाही. मात्र बहिणीचा आवाज तुटक वाटला की हल्ली आतून काकांच्या आवाजात प्रश्न येतो, "काय ऐकलंस ते सांग आधी." पुष्कळदा उत्तर एवढंच असतं, की ती घाईत होती.

आवाजांकडे मी उशिरा वळले. काकांनी एक खेळ शिकवला होता. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी फुली मारायची, ती आपण. मग डोळे मिटून बसायचं आणि जिकडून आवाज येईल तिकडे, जितका लांब वाटेल तितक्या अंतरावर खूण करायची. पक्ष्याचं नाव माहीत असण्याची गरज नाही, "टुकटुक", "शीळ", "खरखर" असं काहीही लिहायचं. ज्या मला डोळे मिटणं जमत नव्हतं ती मी या खेळात वीस-वीस मिनिटं डोळे मिटून बसते. कानांना काम दिलं की चालतं. तांबटाची एकसुरी टुकटुक सगळ्यांत आधी सापडते, पण तो मान इकडे तिकडे वळवत बोलत असल्याने त्याची फांदी नेमकी हेरणं अवघड. उंच टोकावर बसून गाणारा दयाळ लगेच सापडतो. सातभाईंचा कलकलाट झुडपाखालून. आणि मग हे सगळे एकदम वेगळ्या सुरात ओरडायला लागतात, खूण करायची सोडून डोळे उघडायचे, कारण मांजर, साप किंवा शिक्रा, कोणीतरी आलेलं असतं. असे धोक्याचे इशारे ओळखू येऊ लागले तेव्हा झुडपात नुसता गोंधळ ऐकू येणं बंद झालं आणि बातम्या ऐकू येऊ लागल्या.

पक्ष्यांचे सगळेच आवाज मनाला निववतात, हा मात्र भाबडेपणा आहे. विणीच्या दिवसांत कोकीळ नर अंधारातच सुरू होतो, एकेक हाक आधीच्या हाकेपेक्षा चढी. पावशाचंही तसंच, चढत जातो, टोकाला पोचून तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. चांदण्या रात्रीसुद्धा. ज्याला झोप लागत नाही त्याने हे ऐकत पडावं आणि मग निसर्गाच्या सान्निध्याचं कौतुक सांगावं.

यावर संशोधनही झालं आहे. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २९५ जणांना सहा मिनिटं आवाज ऐकवले. काहींना रहदारीचे, काहींना पक्ष्यांचे. पक्ष्यांचे आवाज ऐकणाऱ्यांची चिंता आणि संशयाची भावना कमी झाली, मग आवाजांत थोडे पक्षी असोत की पुष्कळ. उदास वाटणं मात्र अनेक प्रकारचे पक्षी ऐकणाऱ्यांतच कमी झालं. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून दुसरा अभ्यास आला. १,२९२ जणांना फोनवरच्या ॲपमधून दिवसातून तीनदा विचारलं जायचं, आत्ता पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का, आणि तुम्हाला कसं वाटतंय. पक्षी दिसल्या-ऐकल्याच्या वेळी लोकांना बरं वाटत होतं, नैराश्याचं निदान झालेल्यांनाही, आणि तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकू शकतो असं दिसलं. आठ तास ही झाली सगळ्यांची मिळून गोष्ट. कार्यालयातून एक फोन आला की माझे आठ तास आठ मिनिटांत उतरतात. तरीही हे आकडे मी जपून ठेवलेत, कारण "पक्षी बघून काय होतं?" असं विचारणारे नातेवाईक आकडे दिले की गप्प बसतात.

आणखी एक शोध माझ्या लाडाचा. झोपेत बदकांचा अर्धा मेंदू जागा राहू शकतो. मॅलार्ड जातीच्या बदकांवरचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळीने झोपलेल्यांपैकी कडेची बदकं एक डोळा उघडा ठेवून झोपायची, आणि तो उघडा डोळा बहुतेक वेळ ओळीच्या बाहेरच्या बाजूला. मधल्यांना दोन्ही डोळे मिटणं परवडत होतं. हे वाचून मला फार बरं वाटलं. रात्री दोनला जागी असलेली मी बिघडलेली नाही, कडेला झोपलेली आहे, असं आता स्वतःला सांगते. झोप त्याने येत नाही, पण जागेपणाची भीती कमी झाली.

याद्यांचं एक वेगळंच प्रकरण आहे. आज किती प्रकार दिसले, या वर्षी किती, आयुष्यात किती, असं मोजत जाणारे पक्षीनिरीक्षक खूप असतात. त्यांच्या नोंदींचा विज्ञानाला उपयोगही होतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा ई-बर्ड हा उपक्रम २००२ पासून चालू आहे, आणि जगभरातल्या हौशी लोकांनी भरलेल्या याद्यांवरून कुठला पक्षी कुठून कुठं जातो, कुठं कमी होतोय, ते अभ्यासता येतं. फेब्रुवारीत एक जागतिक पक्षीगणना असते, तिच्यात निदान पंधरा मिनिटं एका जागी मोजायचं असतं. मी तिच्यात भाग घेते, न चुकता. एरवी मोजत नाही. माझ्यासारखीच्या हातात यादी दिली की ती यादी राहत नाही, उद्दिष्ट होते. मग साधा बुलबुल समोर बसून काय करतोय ते बघायचं सोडून "बुलबुल झाला, पुढे" असं होतं. यादीने ज्यांचं मन रमतं त्यांना ती लखलाभ. काम सुटल्यावर पुन्हा काम मांडून बसायची मला हौस नाही.

फोनचंही तेच. मर्लिन नावाचं ॲप २०२१ पासून आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, आणि थक्क व्हायला होतं इतकं चांगलं सुचवतं, अधूनमधून चुकतंही. ते वाईट नाही. पण नाव न कळलेली जी पाच-सात मिनिटं असतात, चोच बघायची, शेपटी बघायची, ऐकायचं, पुन्हा हरवायचं, तेवढ्यासाठीच तर मी जाते. ॲप ती मिनिटं वाचवून देतं. मला वेळ वाचवायचा नसतो. त्यामुळे तळ्यावर फोन पिशवीत, आणि हवंच असेल तर परतताना ताडून बघायचं. कॅमेरा नेतच नाही. फोटो काढणारे लोक पक्ष्याला बघत असतात की पडद्याला, हे मला नेहमी कोडं पडतं. काकांना हे मत मान्य नाही, त्यांच्याकडे सुरेख फोटो आहेत.

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्या जातीचा आवाज स्पीकरवर वाजवायचा नाही. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो सगळं सोडून भांडायला धावतो, आणि तिथं कोणीच नसतं. घरट्याजवळ घुटमळायचं नाही, कारण घाबरलेले आईबाप अंडी सोडून जाऊ शकतात आणि आपल्या मागे कावळा लक्ष ठेवून असतो. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते, खड्यांसारखी, पायाखाली येतील अशी. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की आल्या वाटेने मागं फिरायचं. माझी काळजी कमी करायला तिला काळजीत घालण्यात अर्थ नाही.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की पक्षी बघायला लागा, गोळ्या-बिळ्या सोडा. तसं मी म्हणत नाही. समुपदेशक बाईंकडे मी जातच राहिले, अजूनही जाते. काही दिवस असे आले की अंथरुणातून उठून दुर्बीण गळ्यात घालणं म्हणजे डोंगर चढणं. काका दार वाजवायचे, मी "आज नको" म्हणायची. ते आग्रह करायचे नाहीत. "बरं. खिडकी उघडी ठेव," एवढंच. खिडकीतून कावळे, कबुतरं आणि एखादा शिंपी. तेवढंच बघायचं. शिंपी अंगठ्याएवढा आणि आवाज केवढा, यावर दोन मिनिटं नवल करायचं. काही दिवशी तेही होत नसे. मन खोल गेलेलं असतं तेव्हा पक्षी पुरत नाहीत. त्याला माणूस लागतो, आणि कधी औषधही.

पक्षी बघायला बसण्याचं वेळापत्रक असं काही ठरलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी तळं, एरवी कामावर जाण्याआधी इमारतीच्या मागच्या झाडांखाली चहा संपेपर्यंत. सगळ्यांत उपयोगी पडतात त्या मधल्याच फटी. बैठक सुरू व्हायच्या आधी, सिग्नलला, फोनवर कोणी थांबवून ठेवलेलं असताना. पूर्वी या फटींत काळज्या शिरायच्या. आता नजर आपोआप तारांवर, गच्चीच्या कठड्यावर, आभाळात जाते. घार कुठल्या बाजूला वळली आणि वळताना तिने शेपटी कशी पिळली, एवढं बघून होईस्तोवर सिग्नल सुटतो. या सवयीचा एक तोटाही सांगते. महत्त्वाच्या बैठकीत साहेबांच्या मागच्या खिडकीत कोतवाल पक्षी येऊन बसला तर साहेब काय म्हणाले ते माझ्या कानात शिरत नाही.

मध्यंतरी एका सहकाऱ्याला बरोबर नेलं. तोही याच धंद्यातला, त्याचंही डोकं असंच रात्रभर चालणारं. काकांची अट त्याला सांगितली होती, ती त्याने चार मिनिटं पाळली. मग कुजबुजत, "किती दिसले म्हणजे पुरे समजायचं?" काकांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. "तू पोट भरेपर्यंत जेवतोस की मोजून?" त्याला काही ते पटलं नाही. पुढं तो आला नाही. त्याने पोहायला जायला सुरुवात केली आहे आणि झोप लागते म्हणतो. प्रत्येकाला पक्षीच लागू पडतील असं थोडंच आहे.

माझ्यापुढे सध्या प्रश्न आहे तो पर्णवटवट्यांचा. हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. सगळे बोटभर, सगळे हिरवट-मातकट, सगळ्यांच्या डोळ्यावर फिकट भुवई, आणि एका पानावर दोन सेकंद बसतील तर शपथ. कोणाच्या पंखावर एक पुसट पट्टा असतो, कोणाच्या दोन, आणि पिसं झिजली की तेही दिसत नाहीत. काकांच्या मते त्यांना डोळ्यांनी ओळखायला जाऊच नये, त्यांची ती बारीक हाक ऐकावी. ती प्रत्येकाची वेगळी असते. मला अजून सगळ्यांची सारखीच ऐकू येते. वहीत गेल्या हिवाळ्याच्या पानापानावर "पर्णवटवट्या, कोणता ते ठरलं नाही" असं लिहिलेलं आहे, आणि मी ते तसंच राहू दिलंय. ते पुन्हा इकडे यायचा महिना जवळ आलाय, तोवर कान तयार करायला काकांनी त्यांच्याकडची जुनी ध्वनिमुद्रणं दिली आहेत, घरी ऐकायला.